प्रोग्रॅमला येणारा वास



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका आली असेल. भाजीला वास असतो, तळघराला वास असतो, हे समजते. पण संगणकाच्या प्रोग्रॅमला वास कसला? शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन करणे हे आजचे आमचे पहिले काम आहे. दुसरे काम याहून कठीण आहे. हा वास हुंगणारी यंत्रे आता निघाली आहेत. तेव्हा त्या यंत्रांचे कोठवर ऐकावे आणि आपली अक्कल कोठे चालवावी, याचा विचार आपल्याला करायचा आहे.

हा विषय तज्ज्ञांच्या परिषदेत मांडायचा, तो या खुल्या व्यासपीठावर का, असेही कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या भोवतीच आहे. एव्हरशाईन सिटीतील इमारतींतून रोज सकाळी वसई रोड स्टेशनकडे जो लोंढा निघतो, त्यात संगणकाच्या व्यवसायातील तरुण-तरुणी थोड्या नाहीत. कोणी अंधेरीला उतरून सीप्झकडे वळतो, कोणी मालाड-गोरेगावकडे. घरी आईने विचारले, "अरे, तू दिवसभर करतोस तरी काय?" तर उत्तर मिळते, "कॉम्प्युटरवर काम." या मुलांपैकी पुष्कळजण नवे असे काहीच रचीत नसतात. दुसऱ्याने दहा-वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम ते सांभाळीत असतात. त्यात भर घालतात, त्यातले मोडके नीट करतात. ही चाकरी कसली आहे ते त्यांच्या घरच्यांनाही कळावे, असे आम्हांला वाटते.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची वही. या सूचनांच्या लेखनाला कोड म्हणतात. समजा, एखाद्या सहकारी बँकेने ठरविले की, ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर अर्धा टक्का व्याज जास्त द्यावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा नियम जेथे जेथे व्याज काढले जाते तेथे तेथे लिहिला: नवी ठेव घेताना, ठेवीचे नूतनीकरण करताना, मुदतीपूर्वी ठेव मोडताना, पासबुक छापताना, अशा सात ठिकाणी. आज सातही ठिकाणी हिशेब चोख आहे. चूक दाखवा म्हटले तर कोणालाही दाखविता येणार नाही. परंतु उद्या संचालक मंडळाने अर्ध्याचा पाव टक्का केला, आणि नव्या माणसाने सहा जागा बदलल्या, सातवी त्याच्या नजरेतून सुटली, की एका काउंटरवर एक रक्कम आणि दुसऱ्या काउंटरवर दुसरी. पेन्शनीत गेलेले गृहस्थ खेटे घालू लागतात आणि कारकुनाला कारण सांगता येत नाही. दोष उद्याचा, पण त्याचा वास आजपासून येतो आहे. एकच गोष्ट सात ठिकाणी लिहिलेली असणे, हाच तो वास.

'कोड स्मेल' हा शब्दप्रयोग केंट बेक यांचा. मार्टिन फाउलर यांनी १९९९ साली प्रोग्रॅमच्या पुनर्रचनेवर, म्हणजे रिफॅक्टरिंगवर, जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील एका प्रकरणाने तो जगभर गेला. त्या प्रकरणाच्या माथ्यावर बेक यांच्या आजीच्या बालसंगोपनातील अनुभवाचा हवाला विनोदाने दिलेला आहे. ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घराला अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

असे वास अनेक जातींचे आहेत. एकच काम शंभर ओळी, पाचशे ओळी लांबत जाते, हा एक. एकच विभाग सगळा कारभार आपल्या हाती घेऊन बसतो आणि बाकीचे नुसते होयबा होतात, हा दुसरा. हिशेबात मध्येच '१७' किंवा '०.००५' असा आकडा टपकतो आणि तो कोठून आला ते कोणालाच ठाऊक नसते, हा तिसरा. कोणी वापरीत नाही, पण फेकण्याचे धाडसही होत नाही, असा जुना मजकूर माळ्यावरच्या अडगळीसारखा पडून राहतो, हा चौथा. वास म्हणजे रोग नव्हे, हे येथेच ध्यानात घ्यावे. वास हे लक्षण आहे. हिंगाचा वास उग्र असतो म्हणून कोणी हिंग फेकून देत नाही. वास आला की झाकण उघडून पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

आता हुंगायचे कसे? लाखो ओळींचा कोड कोण वाचणार? येथे आपल्याला वसईचाच दाखला घेता येईल. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात पाणी कसे तुंबले, लोकल कशा बंद पडल्या, ते आपण विसरलेलो नाही. नाला तुंबला आहे किंवा नाही, हे समजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग, पाऊस पडू द्यावा आणि पाणी कोठे चढते ते पाहावे. दुसरा मार्ग, वैशाखात कोरड्या नाल्याच्या काठाने चालत जावे आणि गाळ कोठे आहे ते पाहावे. प्रोग्रॅम चालवून त्याची चाचणी घेणे हा पहिला मार्ग. तो न चालविता त्याचे लेखन वाचून परीक्षण करणे हा दुसरा. यालाच स्टॅटिक अ‍ॅनालिसिस, स्थैतिक विश्लेषण म्हणतात. दुसऱ्या मार्गाचा लाभ असा की, ज्या गल्लीत यंदा पाऊस पडला नाही तिचाही नाला पाहून होतो. त्याची मर्यादा अशी की, ऐन भरतीच्या वेळी खाडीचे पाणी किती मागे रेटील, ते कोरड्या नाल्यात कळत नाही. म्हणून दोन्ही मार्ग लागतात.

हे वाचनाचे काम यंत्राकडून करून घेण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' नावाचा परीक्षक प्रोग्रॅम केला. त्याचे वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झाले. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेले तूस. कापड फाटलेले नाही, पण अंगाला टोचते आहे. ते टिपून काढावे, अशी कल्पना. आज जे परीक्षक प्रोग्रॅम कार्यालयोकार्यालयी चालतात, ते याच कुळातले.

ते काम कसे करतात? पहिली पायरी आपण शाळेत केलेली आहे. मराठीच्या तासाला आपण वाक्यपृथक्करण करीत होतो: हे उद्देश्य, हे विधेय, हा विस्तार. परीक्षक प्रोग्रॅम कोडाच्या प्रत्येक वाक्याचे असेच पृथक्करण करून त्याचा वृक्ष मांडतो. वृक्ष मांडला की, नावे बदलून केलेली नक्कलही पकडता येते. कारण पाने निराळी असली तरी फांद्यांची ठेवण तीच असते. दुसरी पायरी वाटांची. वसई रोडला एक रूळ विरारकडे जातो, एक दिव्याकडे फुटतो. तसा प्रोग्रॅमलाही 'अमुक असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' असे सांधे असतात. या सांध्यांचा नकाशा काढता येतो. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सुचविले की, असे सांधे मोजावेत, त्यांत एक मिळवावा, आणि तो आकडा दहाच्या वर गेला की, तो भाग समजण्यास व तपासण्यास अवघड झाला असे धरावे. तिसरी पायरी मूल्यांच्या प्रवासाची: हा आकडा कोठे जन्मला, कोणाकोणाच्या हातून गेला, शेवटी कोणी वापरला काय. जन्मला पण कोणी वापरला नाही, किंवा वापरला पण कोठे जन्मलाच नव्हता, तर यंत्र हटकते.

ही तिसरी पायरी म्हणजे पुस्तकी करामत आहे, असे कोणी समजू नये. विसावे शतक संपत आले तेव्हा वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे '००' म्हणजे १९०० की २०००, असा घोळ जगभरच्या प्रोग्रॅमांपुढे उभा राहिला. त्या दुरुस्तीचे पुष्कळ काम आपल्या देशाकडे आले, मुंबई-पुण्याकडे आले, आणि सीप्झमध्ये रात्री दिवे जळू लागले. तारीख शोधायची, तर नावावरून ती ओळखू येईलच असे नव्हते. कोणी तिला 'क' म्हटले होते, कोणी 'तात्पुरते-३'. तेव्हा एका ठिकाणी निश्चितपणे तारीख असलेले मूल्य धरायचे आणि ते जेथे जेथे जाते तेथे तेथे त्याच्या मागोमाग जायचे, हाच खात्रीचा उपाय होता. वास्तविक हे स्थैतिक विश्लेषणच होय. त्या काळी सीप्झमध्ये राबलेली मुलेमुली आज पन्नाशीत आहेत. १ जानेवारी २००० रोजी विशेष काही घडले नाही याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही. उलट, 'काही झालेच नाही, मग एवढा गाजावाजा कशाला केलात?' असे विचारले गेले. दुरुस्तीच्या कामाचे दैव हेच असते.

या शास्त्रात महाराष्ट्राने नुसती मजुरी केली, असेही नाही. टाटा कन्सल्टन्सी ही संस्था १९६८ साली मुंबईत स्थापन झाली. तिचे टाटा संशोधन, विकास व रचना केंद्र १९८१ पासून पुण्यात काम करू लागले. प्रोग्रॅमच्या विश्लेषणाचा तेथे वर्षानुवर्षे अभ्यास झाला. मोटारगाडीत किंवा यंत्रात बसविलेल्या प्रोग्रॅमचे परीक्षण करणारी साधने त्यातून निघाली. पुण्यात घडलेले 'व्हेरिअ‍ॅब्स' हे साधन प्रोग्रॅम-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी एका मुख्य विभागात पहिले आले. 'हा प्रोग्रॅम कधी निषिद्ध जागी पोहोचू शकेल काय?' असा त्या विभागातील प्रश्न असतो. आणि आपल्या लोकलच्या वाटेवरून फारशी दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी मूल्यांच्या या प्रवासाच्या शास्त्रावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. हे आम्ही अभिमान मिरविण्यासाठी सांगत नाही. ज्या विद्येची चाकरी आपली मुले करतात, ती विद्या येथेही वाढते, आणि त्यांना ती शिकता येईल, एवढ्यासाठी सांगतो.

मग सगळे यंत्रावरच का सोपवू नये? येथे गणिताने वाट अडविली आहे. १९३६ साली अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी दाखवून दिले की, कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो कधीतरी थांबेल की नाही, हे बिनचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी हाच निष्कर्ष प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीच्या इतर प्रश्नांना लावला. तात्पर्य काय, तर परीक्षक यंत्र कितीही हुशार केले तरी ते सर्व प्रोग्रॅमांच्या बाबतीत निर्दोष निवाडा देऊ शकणार नाही. तांदूळ निवडणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. फार काटेकोरपणे निवडले तर खड्यांबरोबर चांगले दाणेही जातात. सैल हाताने निवडले तर दाताखाली खडा येतो. यंत्राला या दोहोंपैकी एक चूक पत्करावीच लागते. म्हणून माणूस सुटत नाही.

माणूस सुटत नाही म्हणजे काय, ते तीन घटनांवरून पाहू.

पहिली घटना फेब्रुवारी २०१४ मधली. अ‍ॅपल कंपनीने आपल्या फोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली. पलीकडचे संकेतस्थळ खरे की तोतया, हे पडताळणाऱ्या कोडात 'येथून शेवटाकडे उडी मारा' अशी एक ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ अटीच्या पोटात होती. दुसरी दिसायला पोटात, पण यंत्राच्या दृष्टीने अटीबाहेर. परिणाम असा की, उडी नेहमीच मारली जाई आणि पुढची खरी तपासणी कधी होतच नसे. खालच्या ओळींपर्यंत पोहोचायला वाटच उरलेली नाही, ही गोष्ट परीक्षक यंत्राला क्षणात दिसते. येथे यंत्राला विचारले असते तर भागले असते.

दुसरी घटना १ ऑगस्ट २०१२ ची. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीत २००३ पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. नवे काम लिहिताना तो चालू करणारी जुनीच कळ नव्या कामासाठी वापरण्यात आली. आठ संगणकांपैकी सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर चढविण्याचे राहून गेले. बाजार उघडला, कळ फिरली, आणि आठव्या संगणकावर ते जुने भूत उठून बसले. सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आता गंमत पाहा. यंत्राच्या दृष्टीने तो कोड मेलेला नव्हताच. कळ फिरविली की तेथे जायला वाट होती. तो मेलेला आहे, हे फक्त माणसांना ठाऊक होते. हा वास माणसाच्याच नाकाला येण्यासारखा होता.

तिसरी घटना सर्वांत बोधप्रद. डेबियन नावाच्या संगणक-प्रणालीत २००६ साली एका परीक्षक साधनाने तक्रार केली की, गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या भागात न भरलेली जागा वाचली जात आहे. हे साधन चालत्या प्रोग्रॅमवर नजर ठेवणाऱ्या जातीचे होते, पण धडा तोच आहे. तक्रार बंद व्हावी म्हणून दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यांपैकी एका ओळीतूनच किल्लीतील बेभरवशाचा अंश येत होता. ती गेली आणि अगणित किल्ल्यांच्या जागी एका जातीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या उरल्या. चोराने एकेक लावून पाहावी इतक्या थोड्या. हे उघडकीस यायला मे २००८ उजाडावा लागला. यंत्र शांत झाले होते. सर्व काही हिरवे दिसत होते.

पहिल्या घटनेत यंत्राला दिसले असते, दुसरीत दिसणे शक्य नव्हते, तिसरीत यंत्र बोलले आणि माणसाने अर्थ न कळता त्याचे तोंड बंद केले. आमचे म्हणणे एवढेच आहे की, यंत्र बोट दाखविते. निवाडा आपला असतो. बोट दाखविलेच नाही म्हणून निश्चिंत राहणे चूक, आणि बोट खाली घ्यायला लावले म्हणून काम झाले असे समजणे त्याहून मोठी चूक.

आता दुरुस्तीविषयी. बाहेरून दिसणारे वर्तन जसेच्या तसे ठेवून आतली मांडणी सुधारणे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. काही दुरुस्त्या यंत्र स्वतः करू शकते: सगळीकडचे नाव एकदम बदलणे, न वापरलेली नोंद काढणे, लांबलेल्या कामातून एक तुकडा वेगळा काढणे. परंतु तो तुकडा कोठे तोडायचा, त्याला नाव काय द्यायचे, हे यंत्राला कळत नाही. लांबीची मर्यादा घालून दिली तर लोक दोनशे ओळींचे काम 'भाग पहिला', 'भाग दुसरा' असे कापून मोकळे होतात. यंत्र संतुष्ट, आणि पुढचा वाचणारा पूर्वीइतकाच अंधारात. बँकेच्या उदाहरणात खरी दुरुस्ती म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचा नियम एकाच जागी, त्याच्या नावासह लिहिणे, आणि बाकी सातही जागांनी तो तेथून घेणे. पण तत्पूर्वी सात जागा खरोखरच एक आहेत काय, हे बँकेच्या जुन्या कारकुनाला विचारले पाहिजे. सातवी जागा मुद्दामच निराळी ठेवलेली असू शकेल. आणि हात लावण्यापूर्वी चाचण्या लिहून ठेवल्या पाहिजेत. म्हणजे आपण सुधारता सुधारता बिघडविले तर त्याच संध्याकाळी कळेल.

या व्यवसायातील तरुण मित्रांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जुन्या कोडावर परीक्षक यंत्र प्रथम चालविले की, हजारो तक्रारी बाहेर पडतात, माणूस गांगरतो आणि यंत्र बंद करून ठेवतो. तसे करू नका. जुने आज आहे तसे राहू द्या. आजपासून जे लिहाल आणि ज्या ओळीला हात लावाल ती स्वच्छ ठेवा. नियम थोडे निवडा, पण ते पाळा. एखादी तक्रार चुकीची वाटली तर ती दडपण्यास हरकत नाही; पण का दडपली ते शेजारी एका वाक्यात लिहा. तुम्ही उद्या दुसऱ्या कंपनीत जाल. ते वाक्य मागे राहील. आणि आता तर यंत्रेच कोड लिहू लागली आहेत. मागितले की पानेच्या पाने मिळतात, दिसायला नीटनेटकी. लिहिणे जितके स्वस्त झाले, तितके वाचणे मोलाचे झाले आहे. यंत्राने लिहिले आणि यंत्रानेच तपासले, मधे कोणीच समजून घेतले नाही, तर तिसऱ्या घटनेची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही.

शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या समाजात नवे उभारणाऱ्याला हारतुरे मिळतात; सांभाळणाऱ्याला, साफ करणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला आपण खालचा मानतो. नाल्यात उतरणाऱ्याची जी गत, तीच जुना कोड साफ करणाऱ्याची. कार्यालयातही वरिष्ठ विचारतात, "या महिन्यात नवे काय केलेस?" सात जागांची एक जागा केली, हे उत्तर त्यांच्या रकान्यात बसत नाही. परंतु आपली पेन्शन, गॅसचे बिल, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातील औषधाची मात्रा, हे सारे आता अशाच वह्यांवर चालते. त्या वह्या नीट राहतात त्या कोणीतरी वेळीच हुंगून झाकण उघडले म्हणून. तुमचा मुलगा किंवा सून रात्री उशिरा घरी आली आणि म्हणाली, "आज नवे काही केले नाही, जुनेच नीट केले," तर तो दिवस वाया गेला असे समजू नका.